प्रथमोपचाराची पेटी आहे, माणूस कुठे आहे?

(मंडळाच्या मासिक सभेत एका निवृत्त फाउंड्री पर्यवेक्षकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मला बोलायला सांगितले तेव्हा मी कार्यवाहांना म्हटले, मी काही वक्ता नव्हे. ३४ वर्षे भट्टीजवळ काढलेला माणूस आहे. फलकांचा प्रश्न, शाळांचा प्रश्न, कागदपत्रांच्या भाषेचा प्रश्न यांवर या व्यासपीठावरून जाणकारांनी पुष्कळ सांगितले आहे. मी आज निराळाच प्रश्न घेऊन आलो आहे. आपली मुले-माणसे सकाळी डबा घेऊन उद्यमबागेत, मच्छेच्या वसाहतीत, वडगाव-खासबागच्या यंत्रमागांवर कामाला जातात. तिथे काही बरेवाईट झाले तर दवाखाना गाठेपर्यंत त्यांच्याजवळ कोण असते, आणि त्याला काय येते, हा तो प्रश्न.

आधी एक प्रसंग सांगतो. तो माझ्याच कमीपणाचा आहे, म्हणून आजवर चारचौघांत कधी सांगितला नाही.

१९९१ सालचा पावसाळा. मी ज्या फाउंड्रीत होतो तिथे फेटलिंगच्या शेडमध्ये छप्पर गळत होते, खाली ओल होती. हातातल्या ग्राइंडरची वायर एका जागी सोललेली होती. २२ वर्षांचा एक मुलगा ग्राइंडर घेऊन उभा राहिला आणि चिकटला. पाळीचा पर्यवेक्षक मीच. धावत जाऊन मेन स्विच मी पाडला. तेवढे बरोबर झाले. पुढचे काहीच बरोबर झाले नाही.

मुलगा खाली पडला होता. श्वास चालत नव्हता. एकाने कांदा फोडून नाकाशी धरला. दुसऱ्याने चप्पल हुंगवली. तिसऱ्याने तोंडावर पाणी मारले, चौथा तळपाय चोळत बसला. कुणीतरी टेम्पो आणायला पळाले. सगळ्यांची धडपड खरी होती, कुणी हात झटकून उभे राहिले नाही. दवाखान्यात पोचायला वीस-पंचवीस मिनिटे लागली. डॉक्टरांनी तपासले आणि विचारले, "श्वास थांबल्यावर कुणी छाती दाबली का?"

मी खाली मान घातली. कारण त्याच्या आदल्याच वर्षी मला प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र मिळाले होते. चौकटीत बसवून ते ऑफिसच्या भिंतीवर लावले होते.

तो वर्ग कसा झाला होता, तेही सांगतो. एका दुपारी तीन तास, इंग्रजीतून. पडद्यावर चित्रे दाखवली, शेवटी चहा-बिस्किटे, सही आणि प्रमाणपत्र. कुणी कुणाच्या छातीवर हात ठेवला नाही, कुणी एक पट्टी बांधली नाही. वेळ आली तेव्हा त्या तीन तासांतले एक अक्षर मला आठवले नाही. छाती दाबली असती तर तो मुलगा वाचलाच असता, असे मी म्हणणार नाही. डॉक्टरही तसे म्हणाले नाहीत. पण त्याला जी संधी मिळायला हवी होती, ती आमच्याकडून मिळाली नाही. त्याच्या आईला मी हे कधी सांगू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्रथमोपचाराची पेटी पाहायला गेलो. पेटी होती. तिला कुलूप होते, आणि किल्ली कारकुनाकडे. उघडली तर आत एक पिवळी पडलेली पट्टी, सुकलेली आयोडीनची बाटली आणि ऑफिसचे रबरी शिक्के.

आता कायद्याचे बोलू. १९४८ च्या कारखाने कायद्यात ४५ वे कलम होते. दर १५० कामगारांमागे किमान एक पेटी, त्या पेटीत ठरलेल्या वस्तूंखेरीज दुसरे काही ठेवायचे नाही, आणि प्रत्येक पेटीची जबाबदारी अशा माणसावर, ज्याच्याकडे राज्य सरकारने मान्य केलेले प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र आहे आणि जो कामाच्या वेळात सदैव हजर असतो. ५०० हून अधिक कामगार असतील तर रुग्णवाहिका-कक्षही हवा. पेटी आणि माणूस अशी जोडी कायद्याने घातली होती. आपण पेटी भिंतीला लावली आणि माणूस विसरलो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहितेने घेतली आहे. पेटी कामाच्या सर्व वेळात हाताशी असली पाहिजे, हे तिच्यातही आहे. पण ज्या कारखान्यात दहाही माणसे नाहीत तिथपर्यंत कायद्याचा हात सहसा पोचत नाही, आणि आपल्याकडची कितीतरी वर्कशॉपे नेमकी तेवढीच आहेत. चार लेथ, एक ड्रिल, सहा माणसे. तिथे निरीक्षक येणार नाही. तिथे मालकाची बुद्धी हाच कायदा. आणि मालक कोण? या सभागृहात बसलेल्यांपैकीही काही जण आहेत. म्हणून हे भाषण फक्त सरकारला उद्देशून नाही.

कुणी म्हणेल, १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते, मग आपण कशाला? फोन पहिल्यांदा करायचाच. पण हृदय बंद पडल्यावर चारेक मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते, आणि छाती दाबली नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. पावसात, रेल्वे फाटकावर अडकत येणारी गाडी चार मिनिटांत येईल का, हे तुम्ही-आम्ही जाणतो. ती चार मिनिटे शेजारच्या मशीनवरच्या माणसाची असतात.

ही कल्पना आजची नाही. १८७७ साली इंग्लंडमध्ये सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशन निघाली. खाणीत, रेल्वेवर, कारखान्यात अपघात होत आणि डॉक्टर दूर असे. तेव्हा साध्या कामगारालाच शिकवून तयार करावे, असे ठरले. आपल्या देशातही सेंट जॉन अँब्युलन्स आणि रेड क्रॉस यांचे वर्ग चालतात, प्रमाणपत्रे मिळतात. सोय नाही असे नाही. आपण ती मागत नाही.

शिकायचे काय? ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे शिकावे. विजेचा धक्का बसला तर आधी वीज तोडायची, मगच माणसाला हात लावायचा. हाक मारून, खांदा हलवून उत्तर नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर छाती दाबायला लागायचे. मधूनमधून आचके येतात, त्याला श्वास समजू नये. छातीच्या मधोमध तळहात, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण दाबणारा दमतो.

फाउंड्रीत वितळलेले लोखंड पायावर उडते. तिथे आधी माणूस धातूपासून दूर न्यायचा, मग पाणी. तापलेल्या धातूवर पाणी पडले तर स्फोट होतो. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते गार पाणी. टूथपेस्ट, शाई, तूप, हळद काही नाही. कातडीला चिकटलेला मोजा ओढायचा नाही. लेथवर बोट तुटले तर जखम दाबून धरायची. बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फात टाकले तर ते कामातून जाते. यंत्रमागावर धोटा उडून डोळ्याला लागतो. डोळा चोळू नये, रुतलेले काही काढू नये, हलके झाकून दवाखाना गाठावा. डोळ्यात ॲसिड किंवा दुसरे रसायन गेले तर मात्र तिथल्या तिथे पंधरा-वीस मिनिटे पाण्याने धूत राहावे. फिट आली तर तोंडात चमचा, किल्ली काही घालू नये. झटके थांबले की कुशीवर वळवावे. आणि टाकीत किंवा खड्ड्यात उतरलेला माणूस पडला तर मागोमाग उतरू नये. आतला वायू दोघांनाही घेऊन जातो. आधी मदत, हवा आणि दोर.

हे ऐकून येत नाही. मी ऐकले होते, माझे काय झाले ते सांगितलेच. हे हाताने करावे लागते, बाहुल्यावर छाती दाबून घाम काढावा लागतो, आणि दर वर्षी पुन्हा करावे लागते.

आता आपल्या मंडळाच्या जिव्हाळ्याच्या मुद्द्यावर येतो. जुन्या कारखाने कायद्यात १०८ वे कलम होते. रुग्णवाहिकेचाही तोच आकडा, हा योगायोग. कारखान्यात कायद्याने लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, असे ते कलम सांगत होते. ही मेहेरबानी नव्हती. ज्याचा हात मशीनमध्ये जाणार आहे त्याला पाटी वाचता आली पाहिजे, इतका साधा त्यामागचा विचार. कायदा बदलला तरी हा विचार जुना होत नाही. घाबरलेला माणूस शिकलेल्या भाषेत विचार करत नाही, आईच्या भाषेत करतो. म्हणून प्रथमोपचाराचे शिक्षण आणि पाट्या मराठीत हव्यात, अशी मागणी आपण केली पाहिजे. पण त्याच श्वासात हेही म्हणावे की आमच्या शेजारच्या मशीनवरच्या कन्नड भावाला ते कन्नडमध्ये मिळावे आणि बिहार-ओडिशाहून आलेल्या पोराला त्याला कळेल अशा भाषेत. माझी छाती बंद पडली तर दाबणारा हात त्याचाही असू शकतो.

काही वर्षांनी मी मालकांच्या मागे लागून आमच्या शेडमध्येच वर्ग भरवला. एक डॉक्टर आले, बाहुला आणला, निम्मे मराठीत आणि निम्मे कन्नडमध्ये शिकवले. छाती दाबताना मोठ्याने मोजायचे असते. एका बाजूने "एक, दोन, तीन" आणि दुसऱ्या बाजूने "वंदु, एरडु, मूरु" अशी शेड दणाणली. लोक हसत होते, पण शिकले. २००४ साली एका मोल्डरच्या पायावर धातू उडाला. मी पोचलो तेव्हा दोघांनी त्याला बाजूला नेऊन नळाखाली पाय धरला होता, आणि तिसरा घड्याळाकडे बघत उभा होता. कांदा कुणी आणला नव्हता. तो माणूस महिन्याभराने आपल्या पायाने कामावर आला. मला १९९१ चा मुलगा आठवला. त्या वेळी एवढेच हवे होते.

लोक भितात, हात लावला तर पोलिसांचा ससेमिरा लागेल. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. मग रोज सोबत डबा खाणाऱ्या माणसाला हात लावायला भ्यायचे कशाला?

माझ्या तीन सूचना आहेत. मंडळाने त्यांचा ठराव करावा, ही विनंती.

पहिली: जिल्हा प्रशासनाला आणि कारखाने खात्याला निवेदन द्यावे. प्रत्येक पाळीत प्रथमोपचार शिकलेला एक तरी माणूस असावा, आणि शिक्षण व सूचना कामगारांच्या भाषेत असाव्यात.

दुसरी: औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या मालकांनी आठ-दहा वर्कशॉपे मिळून वर्ग घ्यावा. हृदयाला विजेचा झटका देणारे एईडी यंत्र एकट्याला परवडत नसेल, तर सर्वांनी मिळून एक मध्यवर्ती जागी ठेवावे.

तिसरी, आणि मला सर्वांत महत्त्वाची: निवेदनाचे उत्तर येईपर्यंत आपण थांबू नये. मंडळाचे हे सभागृह महिन्यातून कित्येक दिवस रिकामे असते. इथेच दोन दिवसांचा वर्ग सुरू करू. कामगार, दुकानातले नोकर, मंगल कार्यालयातले आचारी, शिवणकामाच्या भगिनी, सगळ्यांना बोलवू. पाट्या मागणाऱ्या मंडळाने पाटीवरचे काम स्वतः करून दाखवावे. मग मागणीला वजन येते.

आज घरी जाताना एवढे करा. उद्या कामावर गेलात की पेटी कुठे आहे ते पाहा. किल्ली कुणाकडे आहे ते विचारा. कुलूप असेल तर काढायला लावा. आणि मग स्वतःला विचारा, पेटीजवळचा माणूस कोण? उत्तर मिळाले नाही, तर वर्गाच्या यादीत पहिले नाव आपले लिहा.