लूव्हेनच्या प्रयोगशाळेंतील दिवस

(सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या या आनंदाच्या प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहों. ज्या देवळांत आमचा बाप्तिस्मा झाला त्याच्याच अंगणांत उभें राहून बोलावयाचें, हा मान मोठा आहे. आणि भीतिहि तेवढीच आहे, कारण येथें बसलेल्या पुष्कळांनीं आम्हांस धर्मशिक्षणाच्या वर्गांत अडखळतांना पाहिलें आहे.

जीवशास्त्र शिकण्यासाठीं आम्ही बेल्जम देशांतील लूव्हेन नगरीस निघालों, तेव्हां आजीनें आपली जपमाळ हातांत दिली. त्याच दिवशीं एका वृद्ध गृहस्थांनीं कळवळ्यानें बजावलें, "बाळ, माणूस माकडापासून झाला असें शिकविणारी ती विद्या. शिकून ये, पण देऊळ सोडून येऊं नकोस." त्यांच्या बोलण्यास आज प्रामाणिकपणें उत्तर द्यावें, असें योजिलें आहे.

लूव्हेन येथें १४२५ सालीं विद्यापीठ स्थापन झालें. १७९७ सालीं फ्रेंच अंमलांत तें बंद पडलें, आणि १८३४ सालीं बेल्जमच्या बिशपांनीं स्थापिलेलें कॅथलिक विद्यापीठ पुढील वर्षीं त्या नगरींत आलें. आमचे पाठ इंग्रजींत होत; परंतु रस्त्यांत व दुकानांत सर्वत्र डच भाषा. डिसेंबरांत सायंकाळीं पांच वाजण्यापूर्वींच अंधार पडे, आणि घरच्या भाताची व मासळीच्या कालवणाची आठवण येऊन तेथील जेवण गोड लागत नसे.

प्रयोगशाळेंतील पहिला धडा कांद्याचा. कांदा पाण्यावर ठेवून त्यास फुटलेल्या मुळांचीं टोकें कापावयाचीं. तीं एका द्रवांत बुडवून पेशी आहेत त्या स्थितींत स्थिर करावयाच्या. मग टोकें सौम्य आम्लांत मऊ करून, त्यांस रंग देऊन, कांचपट्टीवर अलगद दाबावयाचीं. नीट साधलें म्हणजे विभागणाऱ्या पेशींत सोळा गुणसूत्रें सूक्ष्मदर्शकाखालीं दिसतात. आमच्या पहिल्या कित्येक पट्ट्या वायां गेल्या. येथें पहिला क्रमांक मिळविल्याचा अभिमान होता, म्हणून कोणास विचारण्याची लाज वाटे, आणि घाईनें पेशींचा चेंदामेंदा होई. अखेरीस शेजारच्या एका विद्यार्थिनीस विचारलें. "मुळें द्रवांत पुरता वेळ राहूं द्या," एवढेंच ती म्हणाली, आणि तेवढ्यानें काम झालें.

मद्यार्क, क्लोरोफॉर्म व असेटिक आम्ल यांच्या त्या मिश्रणास कार्नॉयचा द्रव म्हणतात. इकडील महाविद्यालयांतहि आम्हीं तो वापरिला होता. परंतु झां-बाप्तिस्त कार्नॉय हे धर्मगुरु होते, हें लूव्हेनला गेल्यावर कळलें. त्यांनीं तेथेंच पेशींचें शास्त्र शिकविलें व १८८४ सालीं 'ला सेल्युल' म्हणजे 'पेशी' या नांवाचें नियतकालिक काढिलें. त्यांच्या मागून तेथें शिकविणारे फ्रान्स आल्फोन्स यान्सेन्स हेहि धर्मगुरुच. आईकडून आलेलें गुणसूत्र व बापाकडून आलेलें गुणसूत्र एकमेकांस बिलगून आपल्या कांहीं भागांची अदलाबदल करितात, असा सिद्धान्त त्यांनीं १९०९ सालीं त्याच नियतकालिकांत मांडिला. एकाच आईबापांचीं मुलें हुबेहूब सारखीं कां नसतात, याचें एक कारण त्यांत सांपडतें. अमेरिकेंत मॉर्गन यांनीं फळमाशीवरील प्रयोगांचा अर्थ लावतांना १९११ सालीं याच सिद्धान्ताचा आधार घेतला. उत्क्रांतीविषयीं म्हणाल, तर ती आतां केवळ एक तर्क राहिलेली नाहीं, असें पोप दुसरे जॉन पॉल यांनींच १९९६ सालीं विज्ञान अकादमीस कळविलें आहे. तेव्हां विद्येनें आमची श्रद्धा नेली नाहीं.

परंतु खरें सांगावयाचें तर ती दुसऱ्याच वाटेनें चालली होती. तेथील मंदिरें भव्य. पण आम्ही गेलों त्या मिस्सेला मोजकीं वृद्ध माणसें, आणि ओळखीचें कोणी नाहीं. एका रविवारीं प्रयोगाचें निमित्त झालें व मिस्सा चुकली. त्या दिवशीं मन खात होतें. दुसऱ्या रविवारीं कमी, आणि सहाव्या रविवारीं मुळींच नाहीं. दूरध्वनीवर घरची मंडळी गुण किती मिळाले, थंडी किती आहे, हें विचारीत. मिस्सेचें कोणी विचारीत नसे. विचारलें असतें तर आम्हीं खोटेंच सांगितलें असतें.

एके रात्रीं आजीनें विचारलें, "माळ तुटली नाहीं ना, बाळा?" शोधिली, तों ती पेटीच्या तळाशीं, जशीच्या तशी. दुसऱ्या दिवशीं आम्ही संत अंतोनीच्या मंदिराच्या तळघरांत गेलों. मोलोकाई बेटावरून १९३६ सालीं स्वदेशीं आणिलेले संत डेमियन तेथें विसावले आहेत. १८७३ सालीं ते त्या बेटावरील कुष्ठरोग्यांत राहावयास गेले. त्याच वर्षीं नॉर्वेंत हॅन्सन यांनीं त्या रोगाचा जंतु ओळखिला. डेमियनांपाशीं रोग बरा करणारें औषध नव्हतें. ते जखमा धूत, घरें बांधीत, थडगीं खणीत; आणि १८८९ सालीं त्याच रोगानें गेले. आज अनेक औषधांच्या एकत्र उपचारानें तो रोग बरा होतो. जंतु शोधणारा व जखम धुणारा, जगाला दोघेहि हवे होते. आम्ही मात्र कांचपट्टीसाठीं विचारावयास जसे लाजत होतों, तसेच देवाकडे परत फिरावयासहि लाजत होतों. त्याच आठवड्यांत पापनिवेदन केलें.

म्हणून आजच्या शुभदिनीं तीन विनंत्या आहेत. मुलामुलींस जीवशास्त्राकडे जाऊं द्या. त्या शास्त्राची भीति घालूं नका. जीं परदेशीं गेलीं आहेत, त्यांस केवळ गुण विचारूं नका. त्यांच्या आत्म्याचीहि विचारपूस करा. आणि आम्हां शिकलेल्यांस एवढेंच सांगणें कीं, अडलें तेथें शेजाऱ्यास विचारावें, आणि चुकलें तेथें परतावें.

ते वृद्ध गृहस्थ आज आपल्यांत नाहींत. देव त्यांच्या आत्म्यास शांति देवो. त्यांस सांगावयाचें होतें कीं, आम्ही परत आलों आहों, आणि आजीची माळ अद्याप खिशांत आहे. या धर्मग्रामावर प्रभु येशूची कृपा अखंड राहो.