नितळ पाणी, निर्मळ पाणी



जबलपूरपासून सुमारे 40 किलोमीटरवर बरगी येथे नर्मदेवर धरण आहे. 1974 च्या सुमारास त्याचे काम सुरू झाले आणि 1990 साली ते पूर्ण झाले. त्यामागे पसरलेल्या विस्तीर्ण जलाशयाला राणी अवंतीबाई लोधी सागर असे नाव आहे. या जलाशयातले दोन कॅन पाणी एकदा आमच्या घरी आले आणि त्यापायी जे घडले, तेच आज मला आपल्याला सांगावयाचे आहे.

माझ्या पुतण्याने घरात माशांची काचपेटी ठेवली होती. तीत सहा सोनमासे होते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि तो माशांना बाधतो, हे त्याने कोठेतरी वाचले. तेव्हा साक्षात नर्मदामाईचे पाणीच का आणू नये, असे त्याच्या मनाने घेतले. दिवस श्रावणाचे. पेटीतले जुने पाणी काढून त्याने नवे भरले आणि पेटीला चहाचा रंग आला. मलमलीच्या चौपदरी फडक्यातून गाळले, तरी पाणी तसेच. दोन दिवस स्थिर ठेवले, तरी ते निवळेना. मासे आहेत की नाहीत, हेही दिसेनासे झाले.

पुराच्या पाण्यातली जाड रेती चटकन तळाशी बसते. परंतु चिकणमातीचे कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही बारीक असतात. शिवाय त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युद्भार असल्यामुळे ते एकमेकांना दूर सारतात, जवळ येऊन जड होत नाहीत. आपल्या घरांतून तुरटी फिरवण्याची चाल आहे, ती याचसाठी. तुरटीतले ॲल्युमिनियम हा भार नाहीसा करते, कण एकवटतात आणि खाली बसतात. निवळीच्या बिया भांड्याला आतून घासण्याची रीतही जुनी. सुश्रुतसंहितेत तिचा उल्लेख कतक या नावाने येतो. परंतु माशांच्या पेटीत तुरटी टाकणे धोक्याचे. तिने पाण्याची आम्लता वाढते आणि पाण्यात विरघळलेले ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना अपाय करते.

तेव्हा मी बाजारातून डायाटमी मातीची गाळणी आणली. डायाटम म्हणजे पाण्यात राहणारे एकपेशीय शैवाल. त्याच्या शरीराभोवती सिलिकेचे, म्हणजे काचेच्याच जातीच्या पदार्थाचे कवच असते. हे कवच दोन भागांचे असते आणि कुंकवाच्या करंड्याला झाकण बसावे, तसा त्यातला एक भाग दुसऱ्यावर बसतो. म्हणून मराठीत या जीवांना ‘करंडक वनस्पती’ असे समर्पक नाव मिळाले आहे. या करंड्यांच्या भिंतींवर अतिसूक्ष्म छिद्रांची अशी नक्षी असते की, सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्याला एखाद्या कुशल जवाहिऱ्याची आठवण व्हावी. आपल्याकडेही या जीवांचा अभ्यास निष्ठेने झाला आहे. हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधी यांनी कोल्हापूर परिसरातील गोड्या पाण्यातल्या डायाटमांची वर्णने 1950 नंतरच्या दशकात प्रसिद्ध केली. पुढे 1984 साली सरोदे आणि कामत यांचा महाराष्ट्रातील डायाटमांवरचा ग्रंथ निघाला.

जीव मरतो, पण त्याचे कवच उरते. प्राचीन तळ्यांच्या आणि समुद्रांच्या तळाशी अशा कवचांचे थर साचत गेले. त्यांचीच पांढरी, पिठासारखी, विलक्षण हलकी माती झाली. तिच्या घनफळाचा बहुतेक भाग पोकळच असतो. आल्फ्रेड नोबेलने 1867 साली डायनामाइटचा शोध नोंदवला, तेव्हा स्फोटक नायट्रोग्लिसरीन त्याने याच मातीत जिरवले होते. जर्मनीत विल्हेल्म बर्केफेल्ड याने 1891 च्या सुमारास या मातीची पोकळ नळकांडी भाजून त्यांतून पिण्याचे पाणी गाळण्यास आरंभ केला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने आमांशाच्या जंतूंची कोष्ठे अडवण्यासाठी हिचाच उपयोग केला. तीच युक्ती पुढे माशांच्या पेटीपर्यंत येऊन पोहोचली.

या गाळणीची रचना अशी. आत कापडाची एक पिशवी असते. पेटीतले थोडे पाणी घेऊन त्यात ही माती कालवतात आणि पंप सुरू करतात. पंपाच्या दाबाने माती पिशवीवर लिंपली जाते व तिचा एक पातळ लेप तयार होतो. खरे गाळणारे असते ते हा लेप. कापड केवळ त्याचा आधार. लेप नीट बसेपर्यंत बाहेर येणारे पाणी दुधाळ दिसते, म्हणून तोवर ते गाळणीतच फिरते ठेवावे. साध्या स्पंजातून सहज निसटणारे, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे कणही या लेपात अडकतात. पाणी हिरवे करणारे तरंगते शैवाल अडते. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठवणाऱ्या रोगाचे जे जीव त्या वेळी पाण्यात पोहत असतील, तेही अडतात. माशांच्या कातडीत शिरलेले व तळाशी चिकटलेले मात्र राहतात. पंप बंद पडला की लेप गळून पडतो आणि अडकलेली घाण पुन्हा मोकळी होते. चिकणमातीने तर तो फार लवकर तुंबतो. म्हणून ही गाळणी आठवड्या-पंधरवड्यातून काही तास चालवावयाची असते, अहोरात्र नव्हे. आणखी एक सावधगिरी. ही कोरडी माती श्वासावाटे फुप्फुसांत जाऊ देऊ नये. नाकाला फडके बांधून ती हलक्या हाताने पाण्यात मिसळावी.

आम्ही रात्री गाळणी लावली. लेप दोनदा बदलावा लागला. सकाळी पाहतो तो पेटीत पाणी आहे की हवा आहे, असा प्रश्न पडावा! मासे अधांतरी तरंगत असल्यासारखे दिसत होते. घरातली सगळी माणसे पेटीभोवती जमली. आणि त्या आनंदाच्या भरात मी पुतण्याला एक सल्ला दिला. म्हटले, “आता ही एवढी उत्तम गाळणी आली आहे, तर तो जुना बुरसटलेला स्पंज टाकून दे. तळाची खडीही उकळत्या पाण्याने धुऊन काढ.” काका सांगतो आहे म्हटल्यावर त्याने निमूटपणे ते केले.

तिसऱ्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करू लागले. पाचव्या दिवशी चार मेले. पोर रडवेले होऊन मला म्हणाले, “काका, पाणी तर काचेसारखं आहे. मग मासे का मेले?”

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. पुढे पुस्तके चाळली, जाणत्यांना विचारले, तेव्हा उलगडा झाला. मासे आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. उरलेल्या अन्नातून आणि विष्ठेतूनही तो निर्माण होतो. अमोनिया हे माशांना विष आहे. तो पाण्यात संपूर्ण विरघळलेला असतो. त्याला ना रंग, ना गढूळपणा. साखर विरघळलेले सरबत कितीही बारीक फडक्यातून गाळले, तरी गोडी काही फडक्यात राहत नाही. तसेच हे. करंड्यांचा लेप कण अडवतो, विरघळलेले विष अडवीत नाही.

ते विष निस्तरण्याचे काम दोन प्रकारचे जिवाणू करीत असतात. एक अमोनियाचे नायट्राइट बनवतो. दुसरा त्या नायट्राइटचे पुष्कळच कमी अपायकारक असे नायट्रेट करतो. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की याने 1890 च्या सुमारास या जिवाणूंचा छडा लावला. त्यांची वस्ती कोठे असते? खडीवर, आणि मी ‘बुरसटलेला’ म्हणून फेकावयास लावलेल्या त्या बुळबुळीत स्पंजात! ही वस्ती नव्याने बसण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही ती एका सकाळीत उकळून टाकली होती. तेव्हा पेटीतला गाळ गेला खरा, पण गाळाबरोबर तिची सगळी सफाई-यंत्रणाही गेली.

या प्रसंगावरून जर्मनीतल्या दोन शेजारी शहरांची कथा आठवते. 1892 साली हॅम्बुर्ग शहरात पटकीची भयंकर साथ आली आणि साडेआठ हजारांहून अधिक माणसे दगावली. लगतचे आल्टोना शहर मात्र बव्हंशी बचावले. दोन्ही शहरे एल्ब नदीचेच पाणी पीत होती. किंबहुना आल्टोनाचे पाणी हॅम्बुर्गच्या सांडपाण्याखालून घेतलेले, म्हणजे अधिकच घाण होते. परंतु आल्टोनात ते वाळूच्या थरांतून संथपणे गाळले जाई आणि हॅम्बुर्गमध्ये तशी सोय नव्हती. रोबर्ट कॉख यांनी या भेदावर नेमके बोट ठेवले. अशा संथ गाळणीत वाळूच्या माथ्यावर सायीसारखा एक पापुद्रा धरतो. त्यात जिवाणू, शैवाल आणि डायाटमही नांदत असतात. पाणी सुरक्षित होते ते मुख्यतः त्या जिवंत पापुद्र्यामुळे. दिसायला तो घाणच!

आमच्या पेटीच्या काचेवरही पूर्वी एक तपकिरी पापुद्रा धरत असे. तो जिवंत डायाटमांचाच होता. त्यांना कवचासाठी सिलिका लागते, आणि नर्मदेच्या पाण्यात तिला तोटा नाही. बरगीच्या वरच्या अंगाला मंडला-दिंडोरीच्या प्रदेशात ही नदी काळ्या पाषाणातून वाहते. तो पाषाण झिजता झिजता आपली सिलिका पाण्याला देत असतो. त्याच सिलिकेचे करंडे आमच्या काचेवर सजत होते. ते पुढची काच पुसून काढावेत, बाकीचे राहू द्यावेत. मेलेल्या करंड्यांनी पाणी गाळावे आणि जिवंत करंड्यांशी वैर धरू नये, एवढा विवेक पुरे आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी मासे आहेत, त्यांना माझे सांगणे इतकेच. नदीचे पाणी पुराच्या दिवसांत आणू नये. नळाच्या पाण्यातला क्लोरीन नाहीसा करणारे औषध मिळते, ते वापरावे. स्पंज आणि खडी पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच खळबळावीत. उकळू नयेत, सर्व एकाच दिवशी बदलू नयेत. ठरावीक काळाने चतुर्थांश पाणी बदलत जावे. अमोनिया मोजण्याची साधी कसोटी बाजारात मिळते, ती जवळ ठेवावी. डायाटमी गाळणी खुशाल वापरावी. ती पाणी अतिशय नितळ करते. मात्र ती पाहुणी म्हणून यावी आणि काम झाले की जावी. घर चालवणारे निराळे आहेत.

पुढे हिवाळ्यात आम्ही दोघे बरगीला गेलो. पुराचा गाळ खाली बसला होता आणि काठाशी उभे राहिले की, पायांखालचे दगड स्पष्ट दिसत होते. पुतण्या म्हणाला, “किती स्वच्छ पाणी आहे, काका!” मग माझ्याकडे पाहून स्वतःच थबकला आणि हसून म्हणाला, “म्हणजे, नितळ आहे.” त्या जलाशयामुळे जबलपूर, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांतली दीडशेहून अधिक गावे बाधित झाली, कित्येकांची घरे आणि शेते त्याच पाण्याखाली आहेत. पाण्याच्या नितळपणावरून त्यातले काहीच कळत नाही.

आमचे वाचलेले दोन मासे पुढे चांगले मोठे झाले. त्यांच्या पेटीत आता स्पंज पुन्हा बुळबुळीत झाला आहे, आणि तो धुवायला काढला की पुतण्या मला जवळ येऊ देत नाही.