समान अंतर, पण कशापासून?



भाषण लांबवणार नाही. सोबत कागदाचा एक त्रिकोण आणला आहे. बाजू ६, ८ आणि १० सेंटिमीटर.

शाळेत मला एक प्रश्न आला होता. तीन सरळ रस्ते एकमेकांना छेदतात; तिन्ही रस्त्यांपासून सारख्या अंतरावर विहीर कोठे खणावी? मी बाजूंचे लंबदुभाजक काढले, आकृती सुबक आली. गुण शून्य! मास्तरांनी कारण सांगितले नाही आणि विचारण्याचे धाडस मला झाले नाही. त्यानंतर वर्षभर मी भूमिती केवळ पाठ केली.

चूक साधी होती. लंबदुभाजकावरचा बिंदू रेषाखंडाच्या दोन टोकांपासून समदूर असतो. कोनदुभाजकावरचा बिंदू कोनाच्या दोन भुजांपासून. प्रश्न रस्त्यांचा होता, मी नाके धरले. या त्रिकोणात तसे केले तर विहीर प्रत्येक नाक्यापासून ५ सेंटिमीटरवर येते खरी, पण ती १० सेंटिमीटरच्या बाजूच्या मध्यावर, म्हणजे चक्क रस्त्यावर! म्हणून पालकहो, तुम्ही शाळा शिकला नसाल तरी मुलाला एवढे जरूर विचारा : अंतर कशापासून?

आता कागद घ्या. एका कोपऱ्याच्या दोन कडा एकमेकींवर बसवून घडी घाला. ही घडी म्हणजे कोनदुभाजक. घडीवरच्या कोणत्याही बिंदूपासून दोन्ही कडांवर लंब टाका. घडी मिटली की लंबावर लंब बसतो. अंतर म्हणजे हा लंबच, तिरकी रेघ नव्हे. येथे पुष्कळ मुले चुकतात.

तिन्ही कोपऱ्यांच्या घड्या एकाच बिंदूत मिळतात. का? त्रिकोण अबक मध्ये अ आणि ब यांचे दुभाजक प मध्ये मिळाले. प हा अब आणि अक पासून समदूर. तसाच अब आणि बक पासूनही. म्हणजे अक आणि बक पासूनही तो समदूर झाला. कोनाच्या आत भुजांपासून समदूर असलेला बिंदू दुभाजकावरच असतो. म्हणून क चा दुभाजक प मधूनच जातो. शेवटच्या पायरीला आपण प्रमेयाचा व्यत्यास वापरला. पाठांतर करणारा विद्यार्थी नेमका तोच गाळतो, कारण त्याला दोन्ही वाक्ये एकच वाटतात.

युक्लिडने, ज्याला उर्दूत उक़लीदस म्हणतात, आपल्या ग्रंथाच्या चौथ्या खंडात त्रिकोणातले वर्तुळ याच रीतीने काढले आहे. आपल्या त्रिकोणात त्याची त्रिज्या २ सेंटिमीटर येते, मोजून पाहा.

आता विद्यार्थ्यांना थोडे काम देतो. रस्ते काही नाक्याशी थांबत नाहीत. ते पुढे वाढवा आणि बाहेरच्या कोनांचेही दुभाजक काढा. विहिरीला आणखी तीन जागा सापडतील, रस्त्यांपासून ४, ६ आणि १२ सेंटिमीटरवर. कागद मात्र मोठा घ्या.