वाद अणूचा, जमीन गावाची



अणुवीज स्वच्छ, कोळशासारखा धूर नाही, असं शहरात सांगतात. धूर नाही, हे खरं. पण युरेनियम येतं कुठून? झारखंडात जादूगोड्याला 1967 पासून खाण आहे. तिथं संथाळ, हो आदिवासी राहतात. खाणीचा गाळ त्यांच्या गावांशेजारीच साठवतात. आपल्याकडं तारापूरला 1969 पासून अणुवीज होते. पुढं तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी, पोफरण ही गावं उठवली.

आम्ही विजेला नाही म्हणत नाही. आमच्या पाड्यावरही दिवा हवाच. पण 1996 चा पेसा कायदा सांगतो, जमीन घेण्याआधी ग्रामसभेला विचारा. कागद आमच्या बोलीत समजावा, कचरा कुठं जाणार ते सांगा. तोवर अंगठा कुणी उठवायचा नाही.

जिंदाबाद!