गोडवा नळीत की फितीत?



जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचे बटण फिरवले की आवाज लगेच येत नसे. आधी आतल्या काचेच्या नळ्या लालसर व्हायच्या, मग थोडी घरघर, आणि मग कुठे निवेदकाचा आवाज. १९४७ साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत ही नळी घराघरांतून गेली. तिची आठवण काढणारे मात्र संपले नाहीत. ‘व्हॉल्व्हचा गोडवा ट्रान्झिस्टरला नाही,’ हे वाक्य जळगावात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मी लहानपणापासून ऐकत आलो. हेडफोन लावून गाणी ऐकणाऱ्यांत आज तोच वाद पुन्हा रंगतो. व्हॉल्व्हचे प्री-अँप्लिफायर पुन्हा मिळू लागले आहेत आणि ते काही स्वस्त नसतात. तेव्हा हा गोडवा खरा किती, ते पाहायला हवे.

अँप्लिफायरचे काम तसे साधे : लहान विद्युतलहर मोठी करणे. चांगला ट्रान्झिस्टर अँप्लिफायर हे करताना स्वतःचे जवळजवळ काहीच मिसळत नाही. व्हॉल्व्ह मिसळतो. साध्या रचनेचा व्हॉल्व्ह मुख्यतः दुप्पट कंपनांचा स्वर मिसळतो. गाणाऱ्यांच्या भाषेत सांगायचे तर मध्य षड्जाच्या मागे तार षड्ज अगदी हळू वाजत राहतो. सूर तोच, म्हणून कानाला खटकत नाही. उलट आवाज भरलेला वाटतो. हिशेबाने ही भेसळच, पण गोड भेसळ.

हेडफोनच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. व्हॉल्व्ह व्होल्टेज सहज देतो, पण जास्त करंट देताना दमतो. ३०० ओहमचा हेडफोन त्याला पेलतो, ३२ ओहमचा जड जातो. म्हणून पुष्कळ यंत्रांत आधी व्हॉल्व्ह आणि नंतर ट्रान्झिस्टर असा दोघांचा संसार मांडलेला असतो.

माझ्या धुळ्याच्या मित्राने असेच एक यंत्र स्वतः जोडले आहे. माझ्याकडे साधा ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर. गेल्या हिवाळ्यात तो पिशवीत घालून एसटीने एरंडोल, पारोळा मागे टाकत मी धुळे गाठले. दोन्ही यंत्रांवर १९४९ च्या ‘महल’मधले लतादीदींचे गाणे लावले. धुळे जिल्ह्यातले थाळनेर हे त्यांचे आजोळ, त्यामुळे आम्हा खानदेशींना तो आवाज घरचाच. या गाण्याच्या सुरुवातीला आवाज दुरून जवळ येतो. खोलीच्या कडेपासून माइककडे चालत येत आपण ते गायलो, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. हेडफोनवर ते अंतर अगदी जाणवते.

नळ्या समोर तापलेल्या दिसत होत्या, तेव्हा व्हॉल्व्हवरचा आवाज मला नक्कीच जवळचा वाटला. मग मित्राने मल्टिमीटर लावून दोन्हींचा आवाज सारखा केला, कारण जरा मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. मला पाठमोरे बसवले आणि न सांगता वायरी बदलत गेला. दहापैकी सहा वेळा मी बरोबर ओळखले. नाणे उडवून सांगितले असते तरी पाच आलेच असते! आणि १९४९ साली ध्वनिमुद्रणाची सगळी यंत्रे व्हॉल्व्हचीच होती. म्हणजे त्या नळ्यांचा जो काही गोडवा, तो गाण्यात आधीच उतरलेला.

नंतर आम्ही अम्मीची कॅसेट लावली. १९८९ साली घरच्या टेपवर भरलेली. अम्मी शिरपूरकडच्या खेड्यातली. घरात आमची हिंदी, शेजारणींशी अहिराणी, आणि त्यांच्याबरोबर दळता दळता पाठ झालेल्या जात्यावरच्या ओव्या. अहिराणीत ‘डोळा’ म्हणजे ‘डोया’. अम्मीचा तो ‘डोया’ दोन्ही यंत्रांवर सारखाच धूसर होता. मित्राने टेपचे हेड स्पिरिटने पुसले. शेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवून हेड फितीशी काटकोनात आणले, आणि ‘डोया’ स्वच्छ उमटला. दोन ओळींमध्ये तिला लागलेली धापही ऐकू आली. तिला दमा होता. त्याच दम्याने ती गेली. कोणतीही महागडी नळी लावून हे झाले नसते, ते एका स्क्रूने झाले.

व्हॉल्व्हला मी नावे ठेवत नाही. लुकलुकत्या नळीकडे पाहत गाणे ऐकण्यात आनंद आहे आणि आनंदाला पावती लागत नाही. ऐपत असेल त्याने जरूर घ्यावे. फक्त जळगावच्या मे महिन्यात खोलीत आणखी एक शेगडी पेटेल, एवढे ध्यानात ठेवावे.

पण पैसे मोजकेच असतील तर आधी कपाट उघडा. आजीची ओवी, वडिलांचे भजन, लग्नातली गाणी अशी एखादी कॅसेट तिथे पडलेली असेल. तिला बुरशी लागते, फीत चिकटते, आणि टेप दुरुस्त करणारे हातही कमी होत चालले आहेत. हेड साफ करून, नीट जुळवून तो आवाज संगणकात उतरवून घ्या, तोही काहीही न मिसळणाऱ्या यंत्राने. गोडवा नंतर हवा तेवढा मिसळता येतो. फितीवरून पुसला गेलेला शब्द मात्र परत आणता येत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)