बाभळीचे लाकूड



लाकडाचा विषय निघाला की आपण सागापासून आरंभ करतो आणि बहुधा सागापाशीच थांबतो. सागाची थोरवी मला नाकारावयाची नाही. त्यात नैसर्गिक तेल असते, वाळवी सहसा त्याच्या वाटेस जात नाही, पावसाळ्यात तो फारसा फुगत नाही. दारेखिडक्या त्याच्याच असाव्यात. परंतु बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, आरे व पुठ्ठे यांसाठी देशावरच्या सुताराने बाभूळच का निवडली, हा प्रश्न वर्गात विचारावयास हवा.

चाकाला क्षणोक्षणी धक्के सोसावे लागतात. बाभळीचे लाकूड सागाहून जड, कठीण आणि चिवट असते. आघाताने ते सहसा तडकत नाही. कुळवाचे दिंड व कुऱ्हाडीचा दांडा यांनाही ते याच गुणामुळे लागते. मुलांनी हे स्वतः पडताळावे. दोन्ही लाकडांचे १० सें.मी. लांब, ४ सें.मी. रुंद व ४ सें.मी. जाड असे वाळलेले ठोकळे तोलावेत. सागाचा सुमारे १०० ग्रॅम भरतो, बाभळीचा १२५ च्या आसपास.

ओंडक्याचा छेद अवश्य दाखवावा. बाहेर पांढरट रसकाष्ठ, आत तांबूस तपकिरी गाभा. टिकतो तो गाभाच. रसकाष्ठाला भुंगेरे लागून पीठ पडते. जुने सुतार ओंडका काही महिने पाण्यात बुडवून ठेवीत, त्यामागे शास्त्र आहे. लाकडातील पिष्टमय द्रव्य कमी झाले की किडीचे अन्नच तुटते. पुढे तो सावलीत वाळवावा. उन्हात घाई केली तर टोके चिरतात, म्हणून त्यांना शेणमाती लिंपावी.

ओले असता हे लाकूड करवतीला व वाकसाला वश होते. वाळल्यावर रंध्याचे पाते लवकर बोथट करते. खिळा थेट ठोकू नये, आधी गिरमिटाने भोक पाडावे. लहान मुलांना पांगाऱ्यासारखे मऊ लाकूडच द्यावे. खुरप्याची बाभळीची मूठ सातवीच्या मुलांनी करावी, तीही गावच्या सुतारास शेजारी बसवून. त्याच्याइतके या विषयात आपणांपैकी कोणास कळते?

वेडी बाभूळ मात्र निराळी. ती अमेरिकेकडून आलेली आहे. आपली रामकाठी बांधावर सरळ वाढते, पिकावर सावलीही थोडी धरते, आणि तरी पुष्कळदा सरपणाच्या भावाने जाते. शाळेच्या आवारातील असे झाड वादळात पडले, तर लिलावापूर्वी गाभ्याचा हातभर तुकडा शाळेसाठी मागून घ्यावा.