विद्यापीठातील कर्मचारी संघ आणि त्याचे पुढारपण
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. वस्तुतः विद्वत्तेच्या दृष्टीने या व्यासपीठावर बसण्याचा आमचा अधिकार तो काय! आमचे सारे आयुष्य विद्यापीठाच्या परीक्षा विभागात, गुणपत्रिकांच्या राशीत गेले. तथापि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या संघाचे सरचिटणीसपद आम्ही दोन वेळा सांभाळले आणि त्यासाठी तीन वेळा निवडणुकीस उभे राहिलो, एवढ्याच भांडवलावर हा विषय आमच्याकडे आला आहे.

गेल्या वर्षी आपल्या ज्ञातीतील एक तरुण संघाच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले. त्या वेळी मंडळाच्या पत्रिकेत ‘आपल्या माणसास एकगठ्ठा मते द्या’ असे आवाहन छापावे, अशी सूचना पुढे आली. सूचना करणाऱ्यांचा हेतू प्रेमाचा होता, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. तरीही आम्ही तीस विरोध केला, आणि त्या तरुणानेही स्वतः येऊन ती मागे घ्यावी असे विनविले. पुढे ते थोडक्या मतांनी पडले. आवाहन छापले असते तर ते निवडून आले असते, असे पुष्कळ जण म्हणतात, आणि हा ठपका आमच्या माथी आहे. कदाचित तसे झालेही असते. म्हणूनच विरोधाची कारणे आज मोकळेपणाने सांगावी असे आम्हांस वाटते.

प्रथम संघ म्हणजे काय ते पाहू. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने कोणत्याही सात सभासदांस संघाच्या नोंदणीसाठी अर्ज करण्याची मुभा दिली. त्या सातांनी कोणत्या कुळात जन्म घेतला आहे, ही विचारणा कायद्यात कोठेही नव्हती. वर्गणी भरावी, नियम मान्य करावे, हिशेब उघडा ठेवावा, एवढीच अट. पदाधिकाऱ्यांपैकी काही बाहेरचे असले तरी चालत, म्हणून वकील आणि राजकीय पुढारी कित्येक संघांच्या अध्यक्षपदी बसलेले आपण पाहिले. ही सोय गिरणीतल्या अशिक्षित कामगारास वरदान ठरली. पण जेथील शिपाईदेखील शासननिर्णय वाचून दाखवितो, त्या विद्यापीठास बाहेरच्या धन्याची गरज काय, असा प्रश्न आम्ही प्रथम उभे राहिलो तेव्हा विचारला होता. तो सर्वांस रुचला नाही, हे सांगणे नलगे.

विद्यापीठातील नोकरास ‘कामगार’ म्हणावे की नाही, हा वाद मात्र फार जुना आहे. दिल्ली विद्यापीठ विद्यार्थिनींसाठी बसगाड्या चालवीत असे. त्यात तोटा येऊ लागला तेव्हा दोन चालकांस कामावरून कमी केले गेले, आणि त्यांच्या भरपाईचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६३ साली न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी निकाल दिला की, शिक्षण हा उद्योग नव्हे, विद्यापीठाचे मुख्य कार्य शिक्षक करतात आणि इतरांचा वाटा गौण आहे. सबब औद्योगिक कायदा येथे लागू नाही. गजेंद्रगडकर हे साताऱ्याचे, व्यासंगी आणि श्रमिकांविषयी कळकळ असलेले न्यायाधीश. पुढे ते सरन्यायाधीश झाले व त्यानंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. अशा पुरुषाच्या लेखणीतून ‘गौण’ हा शब्द उतरला, म्हणून तो अधिक झोंबतो. परीक्षेच्या दिवशी पहाटे पाच वाजता प्रश्नपत्रिकांची सीलबंद पाकिटे मोजणारा माणूस गौण कसा, हे आम्हांस आजतागायत उमगलेले नाही.

१९७८ साली बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बहुमताचा निकाल लिहिला आणि १९६३ चा तो निर्णय मोडीत निघाला. शिक्षणसंस्थाही उद्योगात मोडतात, असे ठरले. परंतु १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की, संस्था उद्योग असली तरी शिकविणारा ‘कामगार’ नव्हे. म्हणजे एकाच इमारतीत बसणाऱ्या लिपिकास आणि प्राध्यापकास कायद्याने दोन वाटा दाखविल्या. त्यांचे संघ वेगळे, त्यांच्या लढायाही वेगळ्या. १९८७ साली देशभरच्या प्राध्यापकांनी संप केला, २०१३ साली महाराष्ट्रातील प्राध्यापकांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला, तेव्हा आमच्यातील कित्येक कडेला उभे राहून पाहत होते. पुढे २०२३ च्या फेब्रुवारीत शिक्षकेतर कर्मचारी आश्वासित प्रगती योजनेसाठी आणि सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीसाठी संपावर गेले, तेव्हा कडेला कोण उभे होते, ते आम्ही बोलत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. संघात जातीचा प्रश्न नसतोच, असे म्हणणारा मनुष्य एक तर भोळा आहे किंवा लबाड. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी अधिक मिळे, आणि नेमक्या त्याच खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांस प्रवेश नसे. कांडी बदलताना धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, तेव्हा विटाळ होतो, हे त्याचे कारण! १९२८ साली सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. मालकांविरुद्ध आपण एक आहोत, असे पुढारी सांगत होते. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांस विचारले की, विणकाम खाते सर्वांस खुले करा ही मागणी तुमच्या मागण्यांत का नाही? भांडवलदाराने नाकारलेला हक्क हा अन्याय, आणि सोबतच्या कामगाराने नाकारलेला हक्क हा रिवाज, हे कसे? या प्रश्नाने पुढारी अडचणीत आले, आणि यावेच लागले. पुढे १९४३ साली मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेबांनीच कामगार संघटनांस मालकांकडून सक्तीने मान्यता मिळावी म्हणून विधेयक मांडले. संघातील भेद उघडा पाडणारा आणि संघाचे बळ वाढविणारा पुरुष एकच होता, हे आपण ध्यानी घ्यावे.

मग आम्ही आवाहनास विरोध का केला? आमच्या संघाच्या सभासदांत आपल्या ज्ञातीचे लोक मूठभर आहेत. मुठीने मते मागितली की दुसरे आपापल्या मुठी आवळतात, हा हिशेब तर आहेच. पण तो लहान हिशेब. मोठा हिशेब निवडणुकीनंतरचा आहे. अध्यक्षाकडे उद्या कोण येतो? बदलीच्या आदेशाने हवालदिल झालेला प्रयोगशाळा परिचर येतो. पती सेवेत असता वारला म्हणून अनुकंपा तत्त्वावर नोकरी मागणारी विधवा येते. बढतीच्या यादीत ज्याच्या डोक्यावरून दुसऱ्यास नेले तो लिपिक येतो, आणि ज्यास नेले तो कदाचित आपल्याच ज्ञातीचा असतो! अशा वेळी समोरच्याच्या मनात ‘हे तर त्यांच्या मंडळाचे अध्यक्ष’ ही शंका आली की, सेवाज्येष्ठतेची यादी कितीही बिनचूक काढून दाखविली तरी तो ती मानीत नाही. निवडणुकीस उभे राहणारा ज्ञातीची मते मिळवून हा विश्वास गमावीत असेल, तर तो सौदा तोट्याचा आहे. त्या तरुणास हे आम्हांआधी कळले होते, याचे आम्हांस कौतुक वाटते.

उभे राहणे म्हणजे हारतुरे नव्हेत, हेही सांगितले पाहिजे. आमच्याकडे दोन पिढ्या एकाच टेबलाशी बसतात. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी जो लागला त्यास जुने निवृत्तिवेतन, आणि त्यानंतर लागला त्यास अंशदायी योजना. आम्ही स्वतः पहिल्यांतले. दुसऱ्यांच्या मागणीसाठी मोर्चात चालताना ‘तुम्हांस काय, तुमचे पेन्शन ठरलेले आहे’ हे ऐकून घ्यावे लागते, आणि ते खरे असल्याने उत्तरही देता येत नाही. नुसते चालावे लागते. त्याहून कठीण प्रश्न कंत्राटी माणसांचा. ठेकेदाराकडून आलेले सफाईचे आणि पहाऱ्याचे लोक, तसेच अकरा-अकरा महिन्यांच्या आदेशावर वर्षानुवर्षे बसलेले संगणकचालक, यांस आमच्या नियमावलीत मत नाही. त्यांस सभासद करून घ्यावे, असा ठराव आम्ही सर्वसाधारण सभेत मांडला तेव्हा कायम सेवकांतूनच विरोध झाला. एका ज्येष्ठ सभासदाने विचारले, उद्या त्यांची संख्या आमच्याहून अधिक झाली तर? प्रश्न अगदी प्रामाणिक होता, आणि विणकाम खात्याच्या दारात उभा राहणाऱ्याचाही तोच होता. ठराव फेटाळला गेला. पुढच्या सभेपुढे तो पुन्हा यावयाचा आहे.

तेव्हा जे तरुण उभे राहू इच्छितात त्यांस आमचे सांगणे थोडेच आहे. उमेदवारी अर्जावर सूचक आणि अनुमोदक म्हणून आपल्या विभागाबाहेरचा, शक्य तर वसतिगृहाचा किंवा मुद्रणालयाचा मनुष्य घ्यावा. संघाची सभासद नोंदवही आणि मागील तीन वर्षांचे हिशेब अर्ज भरण्यापूर्वी वाचून काढावे; भाषणे मागाहून तयार करता येतात. आणि प्रतिस्पर्ध्याशी बोलणे तोडू नये, कारण निकालानंतर कुलसचिवांच्या दालनात त्यास सोबत घेऊनच जावे लागते.

मंडळास आमची एकच विनंती आहे. आपले सभागृह बहुतेक रविवारी रिकामे असते. संघाच्या सभेस विद्यापीठ आवारात जागा मिळताना नेहमी खळखळ होते. कंत्राटी कर्मचाऱ्यांस तर कोणी दारातही उभे करीत नाही. त्यांच्या सभांसाठी ते सभागृह नेहमीच्या भाड्याने, मंडळाचा फलक आत न लावता, द्यावे. कार्यकारी मंडळाच्या पुढील बैठकीत हा विषय घ्यावा म्हणून लेखी पत्र आम्ही आजच चिटणीसांकडे दिले आहे.